तेवढा एक स्क्रीनशॉट काढून ठेव

आमच्याकडे कुणाच्याही फोनवर 'स्टोरेज फुल' असं आलं की तो फोन फिरत फिरत माझ्याकडे येतो. हे खातं मला कधी मिळालं देव जाणे, पण आता आई, बाबा, काकू, भाचा अशी सगळ्यांची गॅलरी मी आतून बघितलेली आहे. जागा खातात ते व्हिडिओ. स्क्रीनशॉट बिचारे लहान, एका लग्नाच्या व्हिडिओच्या जागेत शेकड्याने मावतील, पण साफसफाईला बसलं की माणसं अडवतात ती स्क्रीनशॉटलाच. बारशाचा लांबलचक व्हिडिओ बाबा सहज सोडून देतात, 'उडव, ताईकडे आहे तो', आणि कुठल्यातरी जुन्या लाइटबिलाच्या स्क्रीनशॉटवर माझं बोट गेलं रे गेलं की, 'अगं थांब थांब, तो राहू दे. लागला तर?'

सगळा मामला या 'लागला तर'चा आहे. फोटो आपण आवडलं म्हणून काढतो, स्क्रीनशॉट विश्वास नाही म्हणून काढतो. म्हणजे समोरच्या स्क्रीनवर विश्वास नाही, आत्ता दिसतंय ते उद्या दिसेल याची खात्री नाही, समोरचा माणूस मेसेज डिलीट करेल, रेंज जाईल, साइट बंद पडेल, आणि मग 'पण मी बघितलं होतं हो' असं म्हणून ऐकणार कोण.

बाबांचा फोल्डर म्हणजे तर यूपीआयच्या हिरव्या टिकांची माळ. दूध, रिक्षा, इस्त्रीवाला, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळ्याचे. बाबा, हे ॲपच्या हिस्टरीत असतंच, बँकेच्या स्टेटमेंटमध्येही असतं, शिवाय प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी नंबर असतो, तो सांगितला की बँक शोधून देते, हे मी सांगून बघितलं. ते म्हणाले, 'असेल, पण ते त्यांच्याकडे. हे माझ्याकडे.' आता याला काय उत्तर देणार. आमच्या आजोबांच्या घरी खिळ्याला एक वाकवलेली तार लटकवलेली असायची, त्यात घरपट्टी, लाइटबिल, वाण्याच्या चिठ्ठ्या सगळं एकावर एक टोचलेलं, आणि खालचा कागद पाहिजे असला की वरचा सगळा गठ्ठा उतरवायला लागायचा. बाबांनी ती तार फक्त खिशात घेतलीये एवढंच.

सोसायटीच्या ग्रुपवर महिन्याच्या सुरुवातीला बघा एकदा. नुसता स्क्रीनशॉटचा पाऊस. कोणी फ्लॅट नंबर लिहीत नाही, पैसे कुठल्या महिन्याचे ते लिहीत नाही, फक्त हिरवी टिक आणि खाली हात जोडलेले. खजिनदार काका दोन दिवसांनी विचारतात की हे पैसे नक्की कोणाचे, तेव्हा पुन्हा तोच स्क्रीनशॉट, या वेळेला लाल गोल काढून. त्यात एखाद्याचा वरचा पट्टा तसाच राहिलेला असतो, बॅटरी चार टक्के आणि कुठल्यातरी लोनची नोटिफिकेशन. मला पैशांपेक्षा तेच वाचायला जास्त मजा येते, खोटं कशाला बोलू.

आईचे स्क्रीनशॉट रेसिपीचे. रील पळत असतं, ती मध्येच थांबवते आणि नेमकं फोडणीवर ते थांबवायचं चिन्ह येऊन बसतं, त्यामुळे मोहरी दिसते आणि हिंग किती ते झाकलं जातं. लिंक सेव्ह कर म्हटलं तर तिला ते पटत नाही, कारण लिंक उघडली की ती बाई परत पहिल्यापासून नाचत येते, असं तिचं म्हणणं. बरोबरच आहे.

काढायची पद्धतही माणसागणिक वेगळी. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबायचं, हे आता सगळ्यांना माहीत आहे असं आपल्याला वाटतं, पण अँड्रॉइडमध्ये ही जोडी २०११ साली चौथ्या व्हर्जनबरोबर आली, त्याआधी बऱ्याच फोनवर स्क्रीनशॉटसाठी फोन कॉम्प्युटरला जोडायचे उद्योग करावे लागायचे. आता काही फोनवर तीन बोटं वरून खाली ओढली की होतं, काहींवर तळहाताची कड फिरवायची, आयपॅडवर पेन्सिल खालच्या कोपऱ्यातून आत ओढायची. आमच्या काकूला यातलं एकही जमत नाही. दोन बटणं एकदम दाबायला गेली की एक तर फोन लॉक होतो नाहीतर आवाज कमी होतो, मग ती काकांचा फोन घेते आणि स्वतःच्या फोनचा फोटो काढते. त्यात तिचा अंगठा, टेबलावरचं प्लॅस्टिक आणि ट्यूबलाइट सगळं येतं, पण काम होतं ना. उलट काका आयफोनवाले, त्यांच्याकडे न मागता निघतात. फोन उचलताना दोन्ही बाजूंनी आवळला की साइडचं आणि आवाज वाढवायचं बटण एकदम दाबलं जातं आणि लॉकस्क्रीनचा एक शॉट पडतो. असे शॉट त्यांच्याकडे ढिगाने आहेत, सगळ्यांत वेळ वेगळी आणि मागे गणपती तोच.

कॉम्प्युटरवर तर 'प्रिंट स्क्रीन' या बटणावर लिहिलंय तेच एके काळी खरं व्हायचं, डॉसच्या जमान्यात ते शिफ्टबरोबर दाबलं की स्क्रीनवरचा मजकूर सरळ प्रिंटरवर यायचा, त्या कर्रकर्र करणाऱ्या डॉट मॅट्रिक्सवर. विंडोजमध्ये मग ते चित्र नुसतं क्लिपबोर्डवर जायला लागलं, म्हणजे बटण दाबलं तरी वरवर काहीच झालेलं दिसत नाही, म्हणून माणसं पाचपाच वेळा दाबायची. मग पेंट उघडा, पेस्ट करा, सेव्ह करा. आता विंडोज, शिफ्ट आणि एस दाबलं की पाहिजे तेवढाच तुकडा कापता येतो, पण ऑफिसातली जुनी मंडळी अजून पूर्ण स्क्रीन घेतात, वर्डमध्ये चिकटवतात आणि ती वर्डची फाइल मेलला जोडतात. एरर एका ओळीचा, फाइल काही एमबीची, आणि आत खाली कोपऱ्यात उघडं असलेलं क्रिकेटचं स्कोअरकार्ड. आयटीवाल्याला एरर नंतर कळतो, स्कोअर आधी.

काही ठिकाणी स्क्रीनशॉट काढूच देत नाहीत. बँकेचं ॲप सांगतं की सुरक्षेसाठी बंद आहे, सिनेमा चालू असताना काढला तर नुसतं काळं. पण खरी पंचाईत झाली ती २०२४ मध्ये, व्हॉट्सॲपने डीपीचा स्क्रीनशॉट बंद केला तेव्हा. लग्नं जमवणाऱ्या मावशा आमच्याकडे दोन आहेत. त्यांचा अर्धा धंदा त्यावर चालायचा हो, मुलाचा डीपी इकडून उचलायचा आणि मुलीच्या आत्याला टाकायचा, 'बघ, सावळा आहे पण तरतरीत आहे'. बंदी आल्यावर त्या थोडे दिवस रुसल्या आणि मग सरळ काकूच्या वाटेला लागल्या, दुसऱ्या फोनने फोटो. गंमत म्हणजे माझा भाचाही तेच करतो. त्याच्या त्या स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं, म्हणून मित्राचा फोन घ्यायचा आणि वरून फोटो. फोनच्या बाबतीत सगळ्यात हुशार मुलगा आणि सगळ्यात अडाणी काकू, दोघं शेवटी एकाच युक्तीवर आले.

आता पुरावा म्हणून एवढं सगळं जपायचं, तर तो पुरावा चालतो का कुठे? लोकलचं मोबाइल तिकीट ॲपमध्येच उघडून दाखवायला लागतं, स्क्रीनशॉट टीसी धरत नाही. सातबारा फुकट बघायला मिळतो पण त्यावरच लिहिलेलं असतं की हा माहितीपुरता, सरकारी कामाला पाहिजे तर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा काढा. तरी तलाठ्यासमोर झूम करून स्क्रीनशॉट दाखवणारे लोक मी बघितलेत. कोर्टाचं तर विचारूच नका. त्याचं एक मोठं प्रकरण आपल्या जालन्याचंच आहे, २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचं, अर्ज वेळेत भरला का उशिरा यावरून भांडण, आणि पुरावा काय तर निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. ते रेकॉर्डिंग कुठल्या यंत्रातून कसं निघालं हे लिहून देणारं सर्टिफिकेट काही केल्या मिळेना. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जुलै २०२० मध्ये निकाल आला की मूळ उपकरणच हजर करणार नसाल तर अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५बचं ते सर्टिफिकेट लागतंच. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आलाय, त्यात हेच कलम ६३ मध्ये गेलंय. म्हणजे 'माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत' ही जी धमकी प्रत्येक ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी पडते ना, ती ग्रुपपुरतीच.

आणि खोटा बनवायला काय लागतं? पैसे पाठवल्याची हिरवी टिक दाखवणारी नकली ॲप आहेत, म्हणून तर भाजीवाला आता स्क्रीनकडे बघतच नाही, त्याच्या डब्यातून 'तीस रुपये प्राप्त हुए' असं ऐकू आलं तरच पिशवी सोडतो. त्याने हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या आधी सोडवला. ब्राउझरमध्ये तर कुठल्याही पानावर उजवं क्लिक करून आतला मजकूर बदलता येतो, तो बदल फक्त तुमच्या स्क्रीनवर असतो, पण त्याचा काढलेला स्क्रीनशॉट मात्र शंभर टक्के खरा! भाच्याने मला हे दहावीचे मार्क बदलून दाखवलं. त्याच्या आईला अजून सांगितलेलं नाही.

उलटी भीतीही आहे, लपवलेलं बाहेर येण्याची. फोनमध्ये मार्करने आधार नंबर काळा करतात लोक, पण त्यातला हायलायटर घेतला असेल तर तो अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की आकडे वर येतात. २०२३ मध्ये तर असं निघालं की गूगलच्या पिक्सेल फोनवर क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटचा कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहत होता आणि परत काढता येत होता, विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तोच घोळ सापडला. दोन्ही दुरुस्त झालं, पण आधीच पाठवून झालेल्या चित्रांचं काय. म्हणून मी तरी पाहिजे तेवढाच तुकडा सुरुवातीलाच काढते आणि झाकायचं असेल तर वर चांगला भरीव चौकोन टाकते.

मग एवढ्या ढिगाचं करायचं काय? वेगवेगळे अल्बम बनवा, दर रविवारी लावा, असे सल्ले असतात, ते मला कधीच पटले नाहीत. दर रविवारी कपाट आवरणारी माणसं वेगळी असतात. मी फक्त एक करते, कुठलाही फोन आला की पासवर्ड, एटीएम कार्ड, नेटबँकिंगच्या गुप्त प्रश्नांची उत्तरं यांचे स्क्रीनशॉट आधी उडवते, तिथे 'लागला तर' ऐकून घेत नाही. २०२५ च्या सुरुवातीला अशी ॲप सापडली होती की गॅलरीची परवानगी घ्यायची आणि आतल्या चित्रांमधला मजकूर वाचत क्रिप्टोचं, म्हणजे त्या डिजिटल चलनाचं, पाकीट उघडणारे गुप्त शब्द शोधायची, आणि ती चक्क अधिकृत स्टोअरवर होती. जे गूगलला वाचता येतं ते चोरालाही येतं. बाकीचे मग राहू देते, कारण शोधायची सोय आता बरी झालीये, गूगल फोटोजमध्ये बिलावरचा शब्द टाइप केला तरी ते सापडतं. गूगल लेन्सने छापील मराठीही चित्रातून उचलता येतं, मधेच एखादं जोडाक्षर गिळतं पण चालतं. आईच्या तीन-चार रेसिप्या मी अशाच उचलून नोट्समध्ये टाकून दिल्या. हिंगाचा अंदाज तिने सांगितला.

आणि आता तर कॉम्प्युटर स्वतःच काढणारे. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये रिकॉल म्हणून एक प्रकार जाहीर केला, दर काही सेकंदांनी स्क्रीनचं चित्र काढून ठेवायचं म्हणजे पुढे तुम्ही कधीतरी बघितलेलं काहीही शोधता येईल. त्यावर इतका आरडाओरडा झाला की ते पुढे ढकललं, नंतर २०२५ मध्ये आलं ते तुम्ही स्वतः चालू केलं तरच चालू होणारं म्हणून. माझ्या अंगावर तर काटाच आला वाचून, कोण कशाला चालू करेल हे. जेवताना बाबांना सांगितलं, मला वाटलं तेही म्हणतील काय हा आगाऊपणा. त्यांनी घास थांबवला आणि विचारलं, 'त्यात दोन वर्षांपूर्वीची घरपट्टीची पावती निघेल का?' नाही निघणार म्हटलं, चालू केल्यापासूनचंच असतं त्यात, आणि आपल्या कॉम्प्युटरवर ते चालतही नाही, त्याला वेगळं नवीन मशीन लागतं. 'मग राहू दे,' म्हणाले, आणि आमटी वाढ म्हणाले.