दहा मैल, हरिपूर रोड

रविवार, दुपार

आज दहा मैल पळून झाले. म्हणजे १६.०९ किलोमीटर, धड टेन के म्हणजे दहा किलोमीटर नाही आणि एकवीसची हाफ मॅरेथॉन पण नाही. आपल्याकडं असली रेस सहसा कोण ठेवत नाही, पण बाहेर पोर्ट्समथची ग्रेट साउथ रन वगैरे मोठ्या रेस याच अंतराच्या असतात, ते आमच्या पळायला शिकवणाऱ्या सरांच्या डोक्यात शिरलं आणि सांगली मिरजेच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपनं मिळून ठरवलं की जानेवारीत एक रविवार हे करायचंच. मेडल नाही, टीशर्ट नाही, फी म्हणजे नाष्ट्याचे पैसे. मला तेच आवडलं, हल्ली रेसला पळणं कमी आणि फोटो जास्त झालेत.

सरांनी प्रत्येकाला टार्गेट काढून दिलं होतं. रिगल म्हणून एकाचं गणित आहे, अंतर वाढलं की वेळ त्याच्यापेक्षा थोडा जास्तच वाढतो, घातांक १.०६. माझा टेन के ५५ मिनिटांचा, त्यावरून दहा मैलाला ९१ मिनिटं येतात, म्हणजे किलोमीटरला ५:४० (पाच मिनिटं चाळीस सेकंद) हा पेस. कागदावर सोपं वाटतं. पण हा पेस असा विचित्र आहे ना, की थ्रेशोल्ड म्हणतात तो जोराचा पेस साधारण तासभरच टिकणारा, आणि इथिओपियाच्या हैले गेब्रेसेलासीनं २००५ ला नेदरलँड्समधे टिलबर्गला दहा मैल ४४ मिनिटं २४ सेकंदात मारले, त्याला काय, तास व्हायच्या आत तो मोकळा. आम्हाला लागणार दीड तास. म्हणजे थ्रेशोल्डच्या जरा खाली राहायचं, पण हाफसारखं गप्पा मारत पण नाही जायचं. रोजच्या प्रॅक्टिसमधे या पेसनं आपण कधी पळतच नाही, एकतर इंटरव्हल, म्हणजे थांबून थांबून जोरात पळायचे तुकडे, नाहीतर निवांत लाँग रन.

रूट हरिपूर रोडचा, गणपती मंदिराच्या बाजूनं सुरू करून हरिपूरला संगमाकडं आणि परत, अशा दोन फेऱ्या, कमी पडलेलं अंतर गावात आत शिरून भरून काढलेलं. चुन्यानं मैलाच्या खुणा केल्या होत्या आणि सगळ्यांची घड्याळं किलोमीटरवर, त्यामुळं बीप एकीकडं आणि खूण दुसरीकडं. मी मैलाचा आकडाच पेननं हातावर लिहून घेतलेला, ९:०७.

सुरू झालो तेव्हा अंधार, नदीकडून धुकं, थंडी चांगलीच. पहिले तीन मैल काय सांगायचं, बरे गेले.

खरी रेस आठ ते बारा किलोमीटरमधे आहे. हे मला आज कळलं आणि कुणी सांगितलं नव्हतं. टेन के असली तर आठला आलं की वास येतो शेवटाचा, कसंही रेटता येतं. हाफला आठ म्हणजे अजून डोकं थंड ठेवायचं असतं, वाईट वाटायची वेळच आलेली नसते. इथं आठला पहिली फेरी संपते, मांड्या भरून आलेल्या, श्वास वर, आणि अजून तेवढंच परत जायचंय. त्यात फेरी संपते तिथंच आमच्या गाड्या लावलेल्या, माझी ॲक्टिव्हा समोर दिसतीय, डिकीत स्वेटर आहे, चावी खिशात आहे. इतकं सोपं होतं थांबणं.

तिथं मला काकांनी वाचवलं असं म्हणायला हरकत नाही. आमचे काका म्हणजे रिटायर्ड मास्तर, साठी ओलांडलेली, डोक्यावर पांढरी टोपी, घड्याळ लावत नाहीत. ते माझ्यापुढं वीसेक पावलांवर होते सुरुवातीपासून. वळताना मागं बघून म्हणाले, "चला वहिनी, आता पळायचं," जणू आत्तापर्यंत आपण भाजी घ्यायला आलो होतो. मग चिंचेच्या झाडांखालनं मी फक्त त्यांच्या टाचा बघत गेले. पेस बघितला नाही, हात पण बघितला नाही. दुधवाले कॅन घेऊन समोरनं येत होते, एक कुत्रं थोडा वेळ बरोबर पळालं आणि कंटाळून थांबलं. उजाडलं कधी ते पण कळलं नाही. हरिपूरपाशी मनात हळदीच्या पेवांचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचा विषय आला, २००५ च्या पुरात पाणी शिरून खराब झाली म्हणतात ती, आणि इतक्या दमलेल्या अवस्थेत माणूस पेवांचा विचार का करतो माहीत नाही, पण त्यात अर्धा किलोमीटर गेला. चांगलं झालं.

बारानंतर उलट सोपं झालं. म्हणजे दुखत होतंच, पण आता उरलेलं मोजता येत होतं. ताकदीसाठी पळताना खातात ते जेल वगैरे काही घेतलं नाही, दीड तासाला अंगातला साठा पुरतो बहुतेक, वाटेत दोन घोट पाणी तेवढं. शेवटच्या मैलाला काकांच्या बरोबरीला आले. ते काही बोलले नाहीत, मी पण नाही. पुढं जायला बघितलं तर त्यांनी पण पाय उचलला की, मग शेवटपर्यंत तसंच, खांद्याला खांदा. वेळ १:३०:५० च्या आसपास, वहीत लिहिणाऱ्या पोरानं दोघांना एकच टाइम दिला आणि काका त्याच्याशी भांडले की मी अर्ध्या पावलानं पुढं होतो. होते पण.

नाष्ट्याला मिसळ होती, तर्री जरा जास्तच. मिरजेचा ग्रुप म्हणतोय पुढच्या वेळी आमच्याकडं, मिरज रोडनं. सर म्हणाले ट्रकवाल्यांना विचारून या आधी.

आत्ता ग्रुपवर मेसेज आलाय, मंगळवारी साडेपाचला स्टेडियम, आठशे मीटरचे सहा तुकडे. काकांनी सगळ्यात आधी हो टाकलंय.