उपाशी ठेवायचं झाड

आमच्या घरात कुणाला उपाशी ठेवणं म्हणजे पाप, आणि मी नेमकं असं रोप आणलं ज्याला प्रेमाने खायला घातलं की ते मरतं. व्हीनस फ्लायट्रॅप. पहिलं तर पंधरा दिवसांत गेलं. मला वाटलं ऊन सोसलं नाही, मग आई हळूच म्हणाली, "अगं, मलूल दिसत होतं म्हणून थोडं शेणखत घातलं." वर रोज नळाचं पाणी, गुलाबाला घालते तसंच. आता तिला कसं सांगू, की हे मूळचं अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या दलदलीतलं, तिथल्या मातीत कसच नाही म्हणून तर बिचारं किडे खायला शिकलं, खत आणि क्षार त्याच्या मुळांना झेपतच नाहीत.

दुसरं आणलं तेव्हा कुंडीवर चिठ्ठीच लावली, हात लावू नये. मातीऐवजी पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे हलके खडे), पाणी फक्त पावसाचं, गच्चीत बादल्या लावून साठवलेलं, ते संपलं की एसीच्या पाइपातून टपकतं ते.

मग जेवण. रॅकेटने मारलेली माशी चिमट्याने पानात ठेवली, पान मिटलं, मी खूश, दुसऱ्या दिवशी बघते तर पान उघडं आणि माशी जशीच्या तशी! पानाच्या आत बारीक केस असतात, वीसेक सेकंदांत दोनदा धक्का लागला तरच ते मिटतं, म्हणजे पावसाच्या एखाद्या थेंबाला फसत नाही, पण मिटल्यावरही आत धडपड चालू राहिली तरच पाचक रस सुटतो. मेलेली माशी कसली धडपडतेय. म्हणून आता मी मिटलेलं पान दोन बोटांत धरून हळूहळू चोळत बसते, तान्ह्या बाळाची ढेकर काढायला पाठ चोळतात ना, तसं. आठवड्याभराने पान उघडतं, आत नुसतं माशीचं टरफल. (शेजारची पोरं गंमत म्हणून काडी घालून पानं मिटवतात त्यांना मात्र मी ओरडते, एक पान तीन-चार जेवणांनंतर काळं पडतं, उगाच कशाला दमवायचं.)

मागच्या सप्टेंबरात कासला गेलो होतो. सीतेची आसवं फुललेली, सगळं पठार निळंजांभळं. मी आईला सांगितलं, हीपण किडे खाते, खाली ओल्या मातीत बारीक बारीक पिशव्या असतात तिच्या.

"सीतेची? आणि किडे खाते?" आई वाकून बराच वेळ बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "निघताना घरच्याला माशी घातलीस ना?"