खोक्यावर 'घार', आत सर्पगरुड

संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या उपचार केंद्रात येणारी बहुतेक खोकी घारींचीच. आरे कॉलनीतून आलेल्या खोक्यावरही 'घार' असंच लिहिलं होतं. टॉवेलची कड उचलली तर आत पिवळे डोळे, चोचीपासून डोळ्यापर्यंत पिवळीधमक कातडी आणि मानेवर फुललेला काळा-पांढरा तुरा. सर्पगरुड! घारीचे डोळे गडद तपकिरी, शेपूट दुभंगलेलं. याचं शेपूट गोलसर, त्यावर रुंद फिकट पट्टा. पाय बिनपिसांचे, जाड खवल्यांचे, बोटं आखूड. वळवळणारा साप धरायला असेच पाय लागतात.

हा ओढ्याकाठच्या झाडीतला पक्षी. फांदीवर तासन्‌तास बसून खाली नजर ठेवतो. ऊन तापलं की शीळ घालत उंच घिरट्या घेतो, आणि तिथेच मांजा आडवा येतो.

आधी दोन्ही पाय घट्ट धरले. चोचीपेक्षा नख्यांचं भय जास्त. छाती मात्र दाबायची नाही. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली नाही तर श्वासच थांबतो. मांजा उजव्या पंखाच्या पुढच्या कडेच्या ताणलेल्या कातडीत रुतला होता. या कडेतून जाणारी कंडरा (दोरीसारखा स्नायूबंध) तुटली तर पंख पुरता साथ देत नाही. इथे ती वाचली होती.

तपासता तपासता गळ्याखाली फुगवटा लागला, आणि त्याने मान झुकवून ओकारी काढली: नानेटी सापाचा शेपटाकडचा तुकडा, खवले शाबूत. म्हणजे शिकार नुकतीच झालेली, जखमही ताजी. पण गळ्यातल्या अन्नाच्या पिशवीत अन्न असताना भूल देता येत नाही. ओकलेलं श्वासनलिकेत गेलं तर पक्षी टेबलावरच जातो. म्हणून टाके संध्याकाळवर ढकलले. तोवर कोमट सलाईनने जखम धुतली, ओलं गॉज ठेवलं, डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं. वजन 900 ग्रॅम. किलोला 50 मिली या हिशेबाने दिवसाचं 45 मिली रिंगर लॅक्टेट (क्षारयुक्त सलाईन), कोमट करून, मांडीजवळच्या कातडीखाली थोडं थोडं.

ज्या वॉचमनकाकांनी त्याला उतरवलं, त्यांचं काम फार मोलाचं. त्यांनी मांजा ओढला नाही, दोन्ही बाजूंना लांबी ठेवून कापला. चोचीत पाणी ओतलं नाही, मटण चारलं नाही. भोकं पाडलेलं खोकं, अंधार आणि लगेच फोन, एवढंच केलं.

आता पट्टी आहे, पण कायम बांधून ठेवली तर पंखाच्या कडेची कातडी आकसते. म्हणून डॉक्टर अधूनमधून भूल देऊन पंख ताणून घेतील. नीट उडू लागला की वनविभागाच्या परवानगीने आरेतच सोडायचा, पतंग उतरल्यावर. विणीचा हंगाम सुरू आहे, त्याची हद्द तिथेच आहे.