तुम्ही विचारलंत म्हणून: शोपाँ वाजवताना लय सोडायची का?

पियानो शिकणारे हे हमखास विचारतात, आणि त्यांचे पालकही. एकच नॉक्टर्न (पियानोची संथ, गाण्यासारखी रचना) पाच जण पाच तऱ्हांनी वाजवतात. कुणी मध्येच रेंगाळतो, कुणी धावतो. मग मेट्रोनोम (ठरल्या वेगानं टिकटिक करणारं यंत्र) लावून घोकायचं कशाला?

घोकायचंच. पोलिश संगीतकार फ्रेदेरिक शोपाँच्या (1810–1849) पियानोवरून मेट्रोनोम कधी हलत नसे, असं त्याचा शिष्य कारोल मिकुली सांगतो. डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, त्यानं लय सांभाळायची आणि उजव्यानं हवं तसं गावं, ही शिकवण लेन्झ या दुसऱ्या शिष्यानं नोंदवून ठेवली आहे. ‘टेंपो रुबाटो’ म्हणजे चोरलेला काळ. चोरी एका हातानं करायची, दुसऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. ही कल्पना शोपाँचीही नव्हे. मोझार्टनं 1777 मध्ये वडिलांना पत्रातून कळवलं होतं की संथ रचनेत आपला डावा हात रुबाटोत सामील होत नाही, याचं लोकांना नवल वाटतं.

विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांना यात नवल वाटायला नको. ठेका आपल्या जागी चाललेला असतो, गायक शब्द मात्रेच्या किंचित मागेपुढे टाकतो आणि मुखडा घेऊन समेवर येतो. गायकाबरोबर तबलजीही रेंगाळला, तर मजा संपली. हा दाखला फार ताणू मात्र नका. शोपाँकडे आवर्तन नाही, आणि काही ठिकाणी तो दोन्ही हातांना मिळून मंदावायला किंवा घाई करायला सांगतो. पण ते तो तसं लिहितो.

आता प्रत्यक्ष हात. ओपस 9 (ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक) मधलं दुसरं नॉक्टर्न घ्या, ई फ्लॅट मेजरमधलं, 1832 साली छापलेलं. ताल 12/8, म्हणजे बारमध्ये (तालाच्या एका खंडात) तीन-तीन क्वेव्हरचे (छोट्या कालमानाच्या स्वरांचे) चार ठोके. प्रत्येक ठोक्यात डाव्या हाताला आधी खालचा एक स्वर, मग वर दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर). छापलेली गती क्वेव्हरला 132, म्हणजे मिनिटाला 132 क्वेव्हर, आणि ठोक्याला 44. आधी फक्त डावा हात, क्वेव्हरला 96 वर. तो सहज चालला की हळूहळू 132 पर्यंत न्या, आणि मग मेट्रोनोम 44 वर आणा. दर क्वेव्हरचा आधार गेला की डावा हात किती डळमळतो ते लगेच कळतं. तो स्थिर झाला की फोनवर रेकॉर्ड करा आणि त्या रेकॉर्डिंगवर उजवा हात वाजवा. रेकॉर्डिंग तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून याच्यासारखी परीक्षा नाही.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा पेडलमध्ये (पायानं दाबून स्वर लांबवायची पट्टी). खालचा स्वर सोडून हात वरच्या कॉर्डकडे उडी मारतो. पेडल त्याआधी दाबलं गेलं नाही, तर तो स्वर तुटतो आणि वरचे कॉर्ड अधांतरी लटकतात. मग वाजवणारा घाबरून डावा हातच मंद करतो आणि त्याला ‘भाव’ म्हणतो. दुसरी खोड प्रत्येक बारच्या शेवटी थोडं रेंगाळण्याची. एकदा केलं तर गोड, आठव्यांदा उचकी. तिसरी, प्रत्येक ठोक्यावर डावा आधी आणि उजवा मागून. ही चोरी नव्हे, ही सवय.

लहान अक्षरांत छापलेल्या स्वरांच्या झुबक्यांना लोक उगाच भितात. त्याच ओपसमधल्या पहिल्या नॉक्टर्नमध्ये सुरुवातीलाच डाव्याच्या 6 स्वरांवर उजव्याचे 11 येतात, लगेच पुढे 12 वर 22. गणित मांडत बसू नका. सुरुवातीचे स्वर सैल सोडा, पुढचे जरा दाटून घ्या आणि पुढच्या ठोक्यावर डाव्याला गाठा. उलट केलंत, म्हणजे शेवटी मंदावलात, तर डाव्याला थांबावं लागतं.

माझुर्का हे वेगळंच प्रकरण. तिथे पोलिश नाचाच्या वळणानं ठोकेच लांब-आखूड होतात. लेन्झ शोपाँसमोर माझुर्का वाजवत असताना ऑपेरांचा संगीतकार मायरबेअर म्हणाला, हे तीनाचं नाही, दोनाचं आहे. शोपाँ चिडला, पायानं ताल देत ओरडून तीन मोजत राहिला. पियानोवादक चार्ल्स हॅलेनं मात्र त्याच्यासमोर चार मोजून दाखवले, तेव्हा तो हसला आणि हा आमच्या नाचाचाच स्वभाव म्हणाला. ‘रुबाटो’ हा शब्द छापणं त्यानं ओपस 24 च्या माझुर्कांनंतर सोडून दिलं. ज्याला कळतं त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्याला कळत नाही तो त्या शब्दाचा आधार घेऊन वाटेल ते करतो. माझ्या मते हेच कारण.

लय खरोखर सोडायची जागा त्या ई फ्लॅट नॉक्टर्नमध्ये आहे, अगदी शेवटाजवळ. उजव्या हाताचे बारीक स्वर गोल गोल फिरत राहतात आणि वर छापलेलं असतं ‘सेंझा टेंपो’, लयीविना. तिथे डाव्या हाताला काही कामच ठेवलेलं नाही.