व्हाइटचॅपलचे इफ्तार

आमची लंडनची सगळी वर्षं मला रमजानवरूनच आठवतात, आणि रमजान म्हणजे व्हाइटचॅपल रोडवरची ईस्ट लंडन मशीद आणि तिला लागूनच असलेलं लंडन मुस्लिम सेंटर. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो ना, त्यामुळे प्रत्येक वर्षीचा इफ्तार वेगळ्याच उजेडातला. 2010 ला रोजे ऑगस्टमध्ये आले, मग जुलै, मग जून, आणि जूनमध्ये तिकडे सूर्य मावळतो रात्री सव्वानऊनंतर! तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची खास नमाज, संपेस्तोवर मध्यरात्र उलटायची, घरी जाऊन जेमतेम टेकलो की पहाटे सेहरीच्या जेवणाला उठा. पण खरं सांगते, तेच रमजान सगळ्यात भारी होते.

संध्याकाळी रॉयल लंडन हॉस्पिटलसमोरच्या बाजारातून खजूर घ्यायचे आणि तसंच पुढे सेंटरला. जमिनीवर लांबच लांब प्लॅस्टिकचे दस्तरख्वान अंथरलेले, बायकांची बाजू वेगळी, पोरंसोरं मधूनच पळतायत, व्हॉलंटियर मुली पाण्याच्या बाटल्या वाटतायत. तिथे जास्त करून सिल्हेटी, म्हणजे बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे लोक, त्यामुळे ताटात खजुरासोबत शिजवलेले चणे, पियाजू म्हणजे डाळीची भजी आणि कुरमुरे. माझ्या शेजारी नेहमी एक म्हाताऱ्या खाला बसायच्या, त्या चणे, पियाजू, कुरमुरे सगळं हातानेच कालवायच्या, वर कच्चा कांदा, आणि अजान झाली की स्वतः खजूर तोंडात टाकायच्या आधी माझ्या लेकीच्या हातात द्यायच्या. मी घरून सांदणं करून न्यायची. ती सगळ्यात आधी संपायची, हे मात्र मी अभिमानाने सांगणार 😊

घरापासून इतकं लांब येऊनही तिथे परकं का वाटलं नाही याचा मी खूप विचार केलाय. जुन्या काळी ब्रिटिश बोटींवर सिल्हेटचे लोक इंजिनरूममध्ये आणि आमच्या रत्नागिरीकडचे डेकवर, आणि लंडनला उतरायचे ते बरेचसे याच ईस्ट एंडच्या, म्हणजे पूर्व लंडनच्या गोदीत. लंडनमध्ये मशीद हवी म्हणून 1910 ला फंड सुरू झाला, 1941 ला गोदीजवळच कमर्शियल रोडवर तीन घरं जोडून मशीद उघडली, आताची इमारत 1985 ची, सेंटर 2004 चं. म्हणजे आमच्या कोकणातल्या खलाशांनीही त्या भागात ईद केली असणारच, मला तरी तसंच वाटतं.

2013 ला मशिदीला जोडूनच बायकांसाठी मरियम सेंटर उघडलं आणि बायकांना प्रशस्त जागा मिळाली, तान्ही मुलं घेऊन येणाऱ्यांची केवढी सोय झाली! ईदला तर नमाजाच्या एकामागून एक जमाती व्हायच्या, एक बाहेर पडतेय तोवर दुसरी फुटपाथवर रांगेत उभी, नवे कपडे, अत्तराचा वास, आणि ओळख असो नसो सगळ्यांशी ईद मुबारक. 2020 ला मात्र दारं बंद होती, तो रमजान घरातच गेला आणि फार जड गेला.

आता रोजे थंडीत येतात. इफ्तार संध्याकाळी साडेपाच-सहालाच, लोक थेट ऑफिसमधून येतात, मुलं शाळेच्या युनिफॉर्मवर. लेक तिथेच आहे अजून, तीच आता पाणी वाटते. तुमच्यापैकी कुणी रमजानमध्ये लंडनला असाल तर जरूर जा, मुसलमान नसलात तरी जा, फक्त मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, अर्धा तास तरी आधी पोचा, जागा पटापट भरते.