उतारावरचा चौक: नकाशा कुठवर आला

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या, प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र वठवायच्या खेळातील आमच्या मोहिमेच्या राजधानीचा मुख्य चौक आता खेळता येईल इतपत तयार झाला आहे. त्याला आधार घेतला आहे तो इटलीतील सिएना शहराच्या पियाझा देल काम्पोचा. हा चौक शिंपल्याच्या आकाराचा असून नगरसभागृहाकडे उतरत जातो. पांढऱ्या दगडी पट्ट्यांनी त्याच्या विटांच्या फरसबंदीचे नऊ भाग पाडले आहेत आणि ते १२८७ ते १३५५ या काळात शहराचा कारभार पाहणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची खूण मानले जातात.

मला मोलाचा वाटला तो उतार. त्यामुळे मी इमारतींआधी पाण्याची वाट आखली, आणि मग वरच्या कडेला कारंजे, त्यालगतच्या कोरड्या कमानींखाली सराफ आणि सर्वांत खाली, निचऱ्याच्या तोंडाशी, मासळीबाजार व खाटीक अशा जागा आपोआप ठरत गेल्या. सिएनाच्या कारंज्यांना पाणी पुरवणारे सुमारे २५ किलोमीटरचे मध्ययुगीन भुयारी कालवे आहेत. तसाच एक कालवा मी कारंज्याखालून काढला असून चोर वर्गाच्या पात्रांसाठी तो चौकात शिरण्याचा खरा दरवाजा आहे.

रुंदी १५० फूट ठेवली आहे. खेळाच्या नियमांच्या पाचव्या आवृत्तीत फेरीला ३० फूट वेगाचे पात्र एवढे अंतर पाच फेऱ्यांत चालून जाते, डॅश (इतर कृती सोडून दुप्पट चाल) घेतल्यास तीन फेऱ्यांत. शिवाय लाँगबोचा, म्हणजे लांब धनुष्याचा, साधा पल्ला नेमका तेवढाच असल्याने एका बाजूच्या खिडकीतला तिरंदाज समोरच्या कडेपर्यंत दहशत ठेवू शकतो, तर शॉर्टबोवाल्याला, म्हणजे आखूड धनुष्यवाल्याला, साध्या पल्ल्यासाठी ८० फुटांच्या आत यावे लागते. पाच फुटांना एक इंच या प्रमाणात हा नकाशा अडीच फुटांचा होतो आणि साध्या जेवणाच्या टेबलावर मावतो. खिडक्यांबाबत सिएनाने १२९७ मध्येच नियम केला होता की चौकाकडे तोंड असलेल्या घरांच्या खिडक्या सभागृहाच्या खिडक्यांशी जुळत्या, बारीक स्तंभांच्या असाव्यात. तो मी जसाच्या तसा उचलला, कारण त्या स्तंभाआड उभ्या असलेल्याला अर्धा आडोसा, म्हणजे आर्मर क्लासमध्ये (पात्रावर वार लागणे किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्यात) दोनची वाढ, देताना कोणाला शंका राहत नाही.

सध्या पारदर्शक कागदावर उत्सवाच्या दिवसाचा थर काढतो आहे. २ जुलै आणि १६ ऑगस्टच्या पालिओ शर्यतीत काम्पोच्या कडेने माती पसरून घोडे धावतात व लोक मधोमध दाटीने उभे राहतात. माझ्या नकाशात ती गर्दी म्हणजे दुप्पट चाल खर्च करायला लावणारी अवघड भूमी असेल, आणि मोकळी उरेल ती फक्त घोड्यांची वाट.