आईचा डोळा ठणकला, तेव्हा रात्रीच निघालो

नागपूरच्या धंतोलीत आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर सगळं धुरकट. डोळ्याचा दाब 30 वर गेला होता. एरवी तो 10 ते 21 असतो. ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात भरतात ती जेल थोडी आत राहिली की असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. थेंब आणि गोळ्यांनी दाब उतरला. आई खाटेवरूनच कॅलेंडरवरची तारीख वाचू लागली.

म्हणूनच पुढचं चटकन लक्षात आलं. आठवडाही झाला नव्हता. रात्री जेवताना ती म्हणाली, "डोळा ठणकून राहिला रे, अन् पुन्हा धुकं आल्यावानी वाटते." पापणी सुजलेली, डोळा लालबुंद. ऑपरेशननंतर थोडं खुपतं, पाणी येतं, पण ते दिवसागणिक कमी होत जातं. इथे थांबलेलं दुखणं वाढत होतं आणि आलेली नजर जात होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कचरा गेला असन, सकाळी दाखवा." माझं मन मानेना. डिस्चार्जच्या कागदावरच्या नंबरवर फोन लावला. "आत्ताच आणा," एवढंच उत्तर आलं.

तपासणीत बुबुळासमोर तळाशी पुवाची पांढरी रेघ दिसली. एंडोफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग. तो क्वचित होतो, पण झाला तर तासातासाने नजर खातो. नुसत्या थेंबांचं औषध डोळ्याच्या मागच्या भागापर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणून रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या डॉक्टरांनी आतलं थोडं पाणी तपासायला काढलं आणि त्याच वेळी व्हँकोमायसिन 1 मिलिग्रॅम व सेफ्टाझिडिम 2.25 मिलिग्रॅम ही अँटिबायोटिक्स थेट डोळ्यात टोचली. आईला समोर धरलेली बोटं अजून मोजता येत होती. नुसता उजेडच कळत असता तर डोळ्यात मुळातच असलेला जेलीसारखा भाग काढायचं मोठं ऑपरेशन लगेच करावं लागलं असतं. कल्चरच्या, म्हणजे जंतू कोणते ते शोधणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टची वाट बघत इंजेक्शन थांबवत नाहीत, हे मला तिथेच कळलं. त्या धावपळीत मला त्याचाच सगळ्यात मोठा धीर वाटला.

मग दर तासाला थेंब. रात्रीसुद्धा. मी आणि बायकोने पाळ्या लावल्या. ठणका आधी गेला, नजर फार हळू आली. आता आई पेपर वाचते, बारीक अक्षराला मात्र अडते.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. या वेळी तारीख ठरवायच्या आधीच मी विचारलं, रात्री दुखलं तर फोन कोण उचलेल?